वर्ग झाडणारे यंत्र : वरच्या वर्गांसाठी एक कृतिपाठ

१९०७ साली अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या कँटन या गावी जेम्स मरे स्पँगलर हा गृहस्थ एका दुकानात झाडलोटीचे काम करीत असे. त्यास दम्याचा विकार होता व झाडताना उडणाऱ्या धुळीने तो बळावे. त्याने पंख्याची मोटर, साबणाचे खोके, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा एकत्र जोडून धूळ ओढून घेणारे यंत्र तयार केले. १९०८ साली त्यास त्याचे पेटंट मिळाले. घरात आपोआप फिरणारे धूळशोषक पुढे २००१-०२ च्या सुमारास बाजारात आले. या दोहोंमागील तत्त्वे सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यांस हाताने करून सहज समजतात.

धूळ कशी ओढली जाते? पंखा डब्यातील हवा बाहेर टाकतो; आत दाब कमी होतो; बाहेरची हवा तोंडावाटे आत शिरते व धूळ सोबत आणते. म्हणून क्रम असा ठेवावा : तोंड, डबा, गाळणीचे कापड व शेवटी पंखा. उघड्या पात्यांचा साधा पंखा येथे उपयोगी पडत नाही. कापडाच्या अडथळ्यापुढे त्याचा दाब टिकत नाही. १२ व्होल्टचा ब्लोअर घ्यावा. तोंड अरुंद असावे. सेकंदाला ३,००० घन सेंटिमीटर हवा जात असेल व तोंड १५ सेंमी लांब, १ सेंमी रुंद असेल, तर हवेचा वेग सेकंदाला २०० सेंमी येतो. रुंदी ३ सेंमी केल्यास तो ६७ सेंमीवर येतो. हे गणित मुलांकडून फळ्यावर सोडवून घ्यावे.

गाडा. ३० सेंमी व्यासाची प्लायवूडची चकती, मंद गतीच्या दोन मोटारी, दोन चाके व पुढे सर्व दिशांस वळणारे एक लहान चाक एवढे साहित्य पुरते. चाकाचा व्यास ७ सेंमी असल्यास परीघ २२ सेंमी होतो. मिनिटास ६० फेरे झाले तर गाडा सेकंदाला २२ सेंमी पुढे जातो. दोन्ही चाके सारखी फिरली की गाडा सरळ जातो. एक उलट फिरले की जागच्या जागी वळतो. पुढील कडेला दोन खटक्याचे स्विच बसवावेत. भिंतीला धक्का लागताच स्विच दाबला जातो व आर्डुइनोची पाटी गाड्यास मागे घेऊन वळविते. मोटारी पाटीस थेट जोडू नयेत. तेवढा प्रवाह तिला सोसत नाही. मध्ये मोटर-ड्रायव्हर हवाच.

वीजपुरवठ्यासाठी पुन्हा भारित करता येणारे १.२ व्होल्टचे निकेल-मेटल-हायड्राइड घट दहा, एकामागे एक जोडावेत. लिथियमचे सुटे घट मुलांच्या हाती देऊ नयेत. चुकीच्या जोडणीने ते पेट घेतात. घरातील विजेचा तर संबंधच येऊ देऊ नये.

यंत्रापूर्वी खेळ. अंगणात खडूने चौकटी आखाव्यात. एका मुलाने ‘सरळ चाल, अडथळा आला की एक पाऊल मागे, वळ, पुन्हा सरळ’ एवढाच नियम पाळावा. इतरांनी त्याच्या पायाखालच्या चौकटी खुणवाव्यात. काही चौकटी पुनःपुन्हा येतात, काही शेवटपर्यंत राहून जातात, हे मुलांस स्वतःच दिसेल. आज्ञावली म्हणजे काय, हे त्यांस येथेच उमगते.

परीक्षा. फरशीवर २० ग्रॅम लाकडाचा भुसा पसरावा, दहा मिनिटे यंत्र चालवावे व डब्यातील भुसा तोलावा. निम्माही आला नाही, तर सांध्यांतून हवा गळते काय, कापड तुंबले आहे काय, हे मुलांनीच शोधावे. दुरुस्तीपूर्वीचे व नंतरचे वजन वहीत लिहावे. पहिल्या खेपेचे अपयश हाच या पाठाचा गाभा होय. शेणाने सारवलेल्या जमिनीवर मात्र हा प्रयोग करू नये. तेथे यंत्र सुटी माती ओढीत राहते.

शेवटी एक गोष्ट शिक्षकांनी अवश्य दाखवावी. वाटोळ्या यंत्राला कोपऱ्यातील केर काढता येत नाही. केरसुणी घेतलेले मूल तो क्षणात काढते. ज्या कामासाठी एवढी मोजमापे करावी लागली, ते काम हलके कसे मानावे, हा प्रश्न मग वर्गातूनच येईल. जेथे झाडण्याची पाळी मुलींवरच येत असेल, तेथे त्याच दिवशी मुलगे व मुली अशी दोघांचीही नावे घालून नवा तक्ता लावावा. आणि धुळीने ज्या मुलास खोकला येतो, त्यास दुसरे काम द्यावे.