टॉवरवरून आवाज येतच नाही

20 जुलै 2023 च्या सकाळी महाराष्ट्रातले असंख्य फोन एकाएकी कर्कश ओरडू लागले. दूरसंचार विभागाची ती चाचणी होती. पण आदल्याच रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली होती. असा आवाज ऐकून धस्स होणारच.

तो आवाज आला कुठून? टॉवरवरून नव्हे, हीच तर गंमत! तो फोनमध्ये आधीपासूनच पडून होता. टॉवरने पाठवला तो चार ओळींचा मजकूर आणि एक क्रमांक. आंतरराष्ट्रीय मानकात 4370 हा सर्वांत वरच्या पातळीच्या इशाऱ्याचा. क्रमांक ओळखून फोनच ठरवतो, काय वाजवायचं. तुमचा मोबाइल नंबर टॉवरला लागत नाही. टॉवर आकाशवाणीसारखा एकदाच बोलतो आणि टापूतले सगळे फोन ऐकतात. उल्हास नदी फुगली, तर तिच्या काठच्या मोहने गावाच्या आसपासचेच टॉवर बोलते करता येतात. घाटकोपरवाल्यांची झोपमोड कशाला?

साध्या अ‍ॅपचंही तेच: आवाज फोनमध्येच असतो. आयफोनवर सर्व्हर फक्त आवाजाच्या फाइलचं नाव धाडतो. त्या नावाची फाइल अ‍ॅपमध्ये नसली, किंवा ती 30 सेकंदांहून लांब असली, की नेहमीचंच 'टिंग'. अँड्रॉइड त्याहून हट्टी. 2017 च्या आठव्या आवृत्तीपासून प्रत्येक प्रकारच्या सूचनेला वेगळं चॅनल असतं. त्याचा आवाज एकदा ठरला, की अ‍ॅप बनवणाऱ्यालाही तो बदलता येत नाही. बदलेल तो फोनचा मालक. मला हा नियम फार आवडतो.

आता त्या कर्कशपणाकडे. अमेरिकेतल्या इशाऱ्यात 853 आणि 960 हर्ट्झचे दोन सूर एकदम वाजतात. भागाकार करून पाहा: जवळजवळ नेमका 9/8. म्हणजे 853 ला सा मानलं, तर 960 हा शुद्ध रे! पेटीवर एकामागून एक वाजवले तर किती सोज्वळ. एकत्र दाबले की सेकंदाला 107 वेळा एकमेकांना धडकतात आणि कानाला खरखर जाणवते. आधी दोन सेकंदांचा लांब सूर, मग एकेक सेकंदाचे दोन.

तिथे हा आवाज करमणुकीसाठी वाजवायला बंदी आहे. जिमी किमेलच्या कार्यक्रमात त्याची नक्कल वाजली, म्हणून 2019 मध्ये एबीसी वाहिनीला 3,95,000 डॉलर मोजावे लागले.