प्रोसेसरच्या वेळेचा बंदोबस्त

संगणकाचे अंतरंग : लेखांक ७

स्मृतीच्या वाटपाचा विचार करताना गेल्या आठवड्यात आपण पाहिले की, एखाद्या आज्ञावलीला दिलेली जागा ती वापरो वा न वापरो, तिच्या नावावर पडून राहते आणि मागाहून काढूनही घेता येते. प्रोसेसरच्या वेळेची गोष्ट मुळातच निराळी आहे. कारण जो क्षण कोणी वापरला नाही तो शिलकेत जमा होत नाही, उद्याच्या खर्चासाठी राखून ठेवता येत नाही आणि कितीही कडक हुकूम काढले तरी परत येत नाही. धुळे-नाशिककडील फड पद्धतीचे पाणीवाटप ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे चटकन उमजेल : पाट वाहतो आहे तोवर ज्याची पाळी त्याने पाणी घ्यावे, त्याला नको असेल तर पुढच्या शेताला जाऊ द्यावे, बारे नुसते बंद ठेवल्याने पाणी वाचत नाही, ते नाल्याला जाऊन मिळते. अमुक आज्ञावलीने प्रोसेसर फार खाल्ला, तिला आवर घातला पाहिजे, अशी तक्रार घेऊन जो येतो त्याने आधी ही एक गोष्ट ध्यानात घ्यावी, कारण आजच्या लेखांकातील सारे विवेचन तिच्यावरच उभे आहे.

प्रथम टक्केवारीविषयी थोडेसे. टास्क मॅनेजरमध्ये एखाद्या आज्ञावलीपुढे चाळीस टक्के असा आकडा दिसला म्हणजे प्रोसेसर तिचे काम चाळीस टक्के जोर लावून करीत आहे, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः प्रोसेसरचा कोणताही एक कोर एखाद्या क्षणी एक तर कोणाच्या तरी सूचना पाळीत असतो किंवा स्वस्थ बसलेला असतो, यांच्या अधली-मधली अवस्था नाही. मागल्या सेकंदा-दोन सेकंदांतील किती वेळ कोणाच्या सेवेत गेला त्याची सरासरी तेवढी तो आकडा सांगतो. त्यातही प्रत्येक दफ्तराचा शिरस्ता वेगळा. विंडोजचा टास्क मॅनेजर साऱ्या कोरांची मिळून शंभर टक्के अशी बेरीज धरतो, त्यामुळे आठ कोरांच्या यंत्रावर एकच कोर अडवून बसलेली बिघडलेली आज्ञावली तेथे साडेबारा टक्क्यांच्या साळसूद आकड्याखाली लपून जाते. उलट लिनक्सवरील ‘टॉप’ एकेका कोरला शंभर मोजतो, म्हणून तेथे आठशे टक्के दिसले तरी दचकण्याचे कारण नाही.

एका यंत्राचा वेळ अनेकांत वाटण्याचा कारभार तसा जुना नाही. प्रारंभीच्या काळात एकेक काम रांगेने चाले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हे त्या वेळचे बलाढ्य यंत्र आले तेव्हाही छिद्रित पत्त्यांचा गठ्ठा जमा करावा आणि छापील उत्तराची वाट पाहावी, हाच रिवाज होता. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांदो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोव्हेंबर १९६१ मध्ये सीटीएसएस या प्रणालीचे जे प्रात्यक्षिक दाखविले, त्यात एकाच यंत्रापुढे अनेक जण आपापल्या टंकयंत्रांवर बसून एकाच वेळी काम करू शकत होते. कोर्बातो यांची तजवीज मोठी मार्मिक होती. कोणते काम छोटे आणि कोणते मोठे हे आधी कोणालाच ठाऊक नसते. तेव्हा त्यांनी अनेक रांगा केल्या, नव्या कामाला वरच्या रांगेत घेऊन थोडा वेळ दिला आणि तेवढ्यात ते आटोपले नाही तर त्याला खालच्या रांगेत उतरविले, जेथे पाळी उशिरा येई पण आली की अधिक काळ टिके. जो एक अक्षर टंकून उत्तराची वाट पाहतो त्याला तत्काळ उत्तर मिळावे आणि जो तासभराचे गणित घालून बसला आहे त्याने थोडे थांबावे, हा न्याय त्यात अंतर्भूत होता, आणि आजच्या कार्यप्रणालींतही तो रूप पालटून नांदतो आहे.

मात्र अग्रक्रमाच्या प्रत्येक व्यवस्थेत एक अन्याय दडलेला असतो. वरच्यांची गर्दी हटलीच नाही तर खालच्याने काय करावे? एमआयटीतील आयबीएम ७०९४ हे यंत्र १९७३ मध्ये बंद केले तेव्हा १९६७ साली दाखल झालेले आणि तोवर एकदाही पाळी न मिळालेले एक कनिष्ठ काम त्यात सापडले, अशी एक वदंता पाठ्यपुस्तकांतून सांगितली जाते. ती वदंता म्हणूनच घ्यावी. पण सहा वर्षे दरखास्त पडून राहिल्याची कथा सरकारी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजविलेल्या मराठी वाचकाला असंभाव्य वाटणार नाही. या उपासमारीवर विंडोजने काढलेला तोडगा साधा आहे : तेथे अग्रक्रमाच्या शून्य ते एकतीस अशा बत्तीस पायऱ्या आहेत, आणि कामास सिद्ध असूनही सुमारे चार सेकंद ज्याला पाळी मिळाली नाही त्याला काही क्षणांपुरते पंधराव्या पायरीवर उचलून घेतले जाते.

युनिक्सच्या परंपरेने ‘नाइस’ नावाची आज्ञा दिली. प्रत्येक कामाला उणे वीस ते अधिक एकोणीस यांमधील एक अंक असतो. अंक जितका मोठा तितके ते काम दुसऱ्यांना वाट देणारे. आपला अंक कोणीही वाढवून घ्यावा, परंतु तो शून्याखाली नेऊन वशिला लावण्याचा अधिकार यंत्राच्या मुख्य कारभाऱ्यालाच. हा अंक प्रत्यक्षात किती गुण देतो, हे लिनक्समध्ये फार काळ धूसर होते. २००७ साली ऑस्ट्रेलियातील कॉन कोलिवास या गृहस्थांनी, जे व्यवसायाने भूलतज्ज्ञ आणि आज्ञावली-लेखनात निव्वळ हौशी होते, वेळेची न्याय्य वाटणी करणारा आपला शेड्यूलर, म्हणजे पाळ्या ठरविणारा भाग, मांडला. तो स्वीकारला गेला नाही, पण त्यातील न्यायाचे तत्त्व घेऊन इंगो मोलनार यांनी स्वतःची रचना लिहिली, कोलिवास यांचे ऋण जाहीरपणे मान्य केले, आणि तीच त्या वर्षीच्या ऑक्टोबरात लिनक्सच्या २.६.२३ या आवृत्तीत दाखल झाली. कोलिवास त्या वर्षी मन विटून या कामातून बाहेर पडले. श्रेय मिळाले, स्थान मिळाले नाही, हे दुःख विद्येच्या क्षेत्रात नवे नसले तरी त्यामुळे हलके होत नाही.

मोलनार यांच्या रचनेत प्रत्येक कामाच्या नावे एक खतावणी असते. काम जितका वेळ प्रोसेसरवर घालवील तितका वेळ तिच्यात मांडला जातो, पण वजनाने भागून. आणि ज्याच्या नावे सर्वांत कमी वेळ मांडलेला आहे त्याची पाळी पुढची. शून्य अंकाच्या कामाचे वजन १०२४, आणि अंक एकाने वाढला की वजन सुमारे सव्वापटीने घटते; पाच अंकाला ३३५, तर एकोणिसाला अवघे १५. याचा व्यावहारिक अर्थ असा की, एकाच कोरसाठी शून्य अंकाचे काम आणि पाच अंकाचे काम झगडत असतील तर दुसऱ्याला पावाच्या आसपास वाटा मिळेल, आणि तेच एकोणिसावर नेले तर शंभरात दीड वाटासुद्धा त्याच्या पदरी पडणार नाही. २०२३ साली ६.६ या आवृत्तीत मुदतीचाही हिशेब ठेवणाऱ्या दुसऱ्या पद्धतीने या रचनेची जागा घेतली. तिचा मूळ सिद्धान्त आयन स्टॉइका आणि हुसेन अब्देल-वहाब यांनी १९९५ मध्येच मांडला होता. वजनांचे हे कोष्टक मात्र कायम राहिले.

येथेच बहुसंख्य लोकांची फसगत होते. रात्रभर चालणाऱ्या चित्रफितीच्या रूपांतराला कोणी एकोणिसावर नेतो, पुन्हा पडद्याकडे पाहतो, तर आकडा पूर्वीइतकाच शंभर. मग आज्ञा निकामी आहे असे म्हणून तो मोकळा होतो. पण तेथे दुसरा दावेदारच नव्हता! वाटा हा भांडण उपस्थित झाल्यावर लागू होणारा कायदा आहे. भांडण नसेल तेव्हा एकट्याने सारे घ्यावे हेच योग्य, कारण न घेतलेला क्षण कोणाच्याच कामी येत नाही. त्याने दुसरी आज्ञावली उघडून पाहावी, म्हणजे त्या रूपांतराने किती अदबीने जागा सोडली ते त्याला कळेल.

यापेक्षा कठोर उपाय म्हणजे मर्यादा : यंत्र रिकामे असले तरी अमुक इतक्याच्या वर द्यायचे नाही. याचा ओबडधोबड प्रकार ‘सीपीयूलिमिट’ नावाची छोटी आज्ञावली करते. ती गुन्हेगारावर नजर ठेवते, त्याने जास्त वेळ घेतला की त्याला तहकुबीचा इशारा पाठवते आणि क्षणभराने पुन्हा चालू करते, हे सेकंदात अनेकदा. सुसंस्कृत प्रकार लिनक्सच्या गाभ्यातच आहे. गूगलमधील पॉल मेनेज आणि रोहित सेठ यांनी २००६ मध्ये सुरू केलेल्या कामातून ‘सीग्रुप’ ही गटांची व्यवस्था २००८ च्या आरंभी लिनक्समध्ये आली, आणि २०१२ मध्ये गटाला कालमर्यादा घालण्याची सोय तिला जोडली गेली. तिचा नियम असा की, प्रत्येक शंभर मिलिसेकंदांच्या मुदतीत गटाने ठरल्याइतकाच वेळ खर्चावा; तो संपला की उरलेली मुदत सारा गट तहकूब.

हा नियम कागदावर निर्दोष दिसतो, व्यवहारात त्याला एक खोच आहे. समजा, एका सेवेला मुदतीत शंभर मिलिसेकंद, म्हणजे एका कोरइतका वेळ मंजूर आहे, आणि तिचे चार धागे, म्हणजे एकाच वेळी चालू शकणारे तिच्या कामाचे चार प्रवाह, चार कोरांवर एकदम धावतात. चौघे मिळून तो सारा वेळ पंचवीस मिलिसेकंदांत संपवून टाकतात, आणि पुढचे पाऊणशे मिलिसेकंद ती सेवा, दारात गिऱ्हाईक उभे असताना आणि बाजूचे कोर रिकामे असताना, हात बांधून उभी राहते. मिनिटाची सरासरी पाहणाऱ्या कारभाऱ्याला सर्व आलबेल दिसते; आपल्याच मागणीला मधूनच उशीर का होतो, हे मात्र गिऱ्हाइकाला कोडे पडते. जेथे भाडेकऱ्यांना मोजून वेळ विकला आहे आणि एकाने दुसऱ्याचा घ्यायचा नाही असा करार आहे, तेथे मर्यादा आवश्यकच. पण एका मालकाच्या यंत्रावर, निव्वळ आकडा डोळ्यांना खुपतो म्हणून घातलेली मर्यादा मला तरी नासाडीच वाटते.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. ज्या कामाला आपण मागे सारतो किंवा तहकूब करतो, त्याच्या हाती त्या घटकेला सामायिक कुलपाची किल्ली असली तर? याचे उत्तर मंगळावर मिळाले. ४ जुलै १९९७ रोजी उतरलेल्या पाथफाइंडर यानाचा संगणक हवामानाची नोंद घेऊ लागल्यावर काही दिवसांतच वारंवार स्वतःला बंद करून नव्याने सुरू होऊ लागला. यानावरील माहितीची वाहतूक सांभाळणारे काम अग्रक्रमाने बरेच वर होते, हवामानाचे काम तळाशी. दोघांना एक कुलूप सामायिक. हवामानाच्या कामाने कुलूप घेतले असतानाच मधल्या श्रेणीच्या कामांनी त्याला प्रोसेसरवरून हुसकले. त्यामुळे ते कुलूप सोडू शकेना, आणि त्या कुलपासाठी अडलेले वरिष्ठ काम प्रत्यक्षात मधल्या श्रेणीच्या मर्जीवर तिष्ठत राहिले. ठरलेल्या मुदतीत ते वरिष्ठ काम पुरे झाले नाही असे पाहून देखरेख करणाऱ्या भागाने, त्याला शिकविल्याप्रमाणे, सारे यंत्र नव्याने सुरू केले. अधिकाराची ही उलटापालट शास्त्रज्ञांना अपरिचित नव्हती. लुई शा, रगुनाथन राजकुमार आणि जॉन लेहॉक्झी यांनी १९९० मध्येच तिच्यावरील उपाय सविस्तर मांडला होता, तो असा की, कुलूप धरून बसलेल्या कनिष्ठाला, ते सोडीपर्यंत, वाट पाहणाऱ्या वरिष्ठाचा दर्जा द्यावा. यानावरील व्हीएक्सवर्क्स या कार्यप्रणालीत ही सोय होतीही, परंतु त्या कुलपापुरती ती बंद ठेवलेली होती. जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतील अभियंत्यांनी पृथ्वीवरील जुळ्या यंत्रावर तोच बिघाड घडवून आणून कारण शोधले, आणि ती सोय चालू करणारा बदल मंगळाकडे धाडला. घरच्या संगणकावर उजवी कळ दाबून कोणत्याही आज्ञावलीला ‘रिअलटाइम’ हा सर्वोच्च दर्जा बहाल करण्याचा मोह ज्यांना होतो, त्यांनी ही हकिकत स्मरावी. त्या दर्जाची आज्ञावली गुंतून पडली तर माऊसची हालचालदेखील पडद्यावर उमटेनाशी होऊ शकते.

राहता राहिला उष्णतेचा प्रश्न, आणि मांडीवरच्या संगणकासाठी तोच खरा. प्रोसेसरची वीज मुख्यत्वे त्याच्या वारंवारितेच्या आणि विद्युत्दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात खर्च होते. वेग वाढविण्यास दाबही वाढवावा लागतो, म्हणून शेवटचा थोडासा वेग फार महाग पडतो. तेव्हा पंख्याची घरघर असह्य झाली असता एकेका आज्ञावलीच्या मागे तगादा लावण्यापेक्षा साऱ्या यंत्राचाच कमाल वेग उतरविणे शहाणपणाचे. विंडोजच्या वीजविषयक तपशीलवार मांडणीत प्रोसेसरची कमाल अवस्था शंभरावरून नव्याण्णवावर आणली की पुष्कळ यंत्रांत ‘टर्बो’ची वाढीव धाव बंद होते, काम थोडे लांबते, आणि यंत्र लक्षणीय रीतीने थंड राहते.

एवढे करूनही कोणाला असा अनुभव येईल की, एकोणिसाव्या अंकावर बसविलेले काम चालू असताना प्रोसेसर बहुतांशी रिकामा आहे, तरीही साधी फाइल उघडायला युग लागते. तेथे वाद प्रोसेसरच्या वेळेचा नसतो, डिस्कच्या रांगेचा असतो, आणि त्या रांगेचे शिरस्ते वेगळे आहेत. ते पुढील लेखांकात पाहू.