जमीन मिळाली, आता माणूस हवा!

पेण म्हटले की आपल्याला गणपती आठवतात. तिथल्या मूर्ती मुंबई-पुण्याच्या बाजारात दिसू लागल्या की सणांचे दिवस जवळ आले असे आपण समजतो. फार तर पेणचे पोहे आणि पापड आठवतात. पण त्याच तालुक्यात, डोंगरांच्या कुशीत, गागोदे बुद्रुक नावाचे लहानसे गाव आहे आणि ११ सप्टेंबर १८९५ रोजी तिथे विनायक नरहर भावे यांचा जन्म झाला, हे फारच थोड्यांच्या ध्यानात असते. मराठी शिकविणाऱ्या माझ्यासारख्याला विनोबा म्हणजे आधी ‘गीताई’. बाकीच्या देशाला मात्र ते आठवतात भूदानाच्या पदयात्रेमुळे.

ती हकीगत प्रसिद्धच आहे. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे भूमिहीन दलित कुटुंबांनी विनोबांपाशी ८० एकर जमीन मागितली आणि रामचंद्र रेड्डी नावाच्या जमीनदाराने उभे राहून १०० एकर देऊ केली. त्यानंतर विनोबा वर्षानुवर्षे पायी हिंडले. दानात मिळालेल्या जमिनीचा आकडा ४० लाख एकरांच्या वर गेला. पण हिशेबाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. प्रत्यक्ष वाटली गेलेली जमीन त्याहून पुष्कळच कमी. कुठे ती खडकाळ निघाली, कुठे वादात अडकली, कुठे कागदच पुरे झाले नाहीत. देणारा भेटला, घेणाराही भेटला. पण कागद नीट करून, बांध घालून, पाणी अडवून, त्या जमिनीपाशी दहा वर्षे टिकून राहणारा तिसरा माणूस बहुतेक ठिकाणी भेटला नाही.

या लेखाचा विषय हा तिसरा माणूस आहे. पूर्वी तो ‘कार्यकर्ता’ म्हणून ओळखला जाई आणि त्याच्या जेवणाची व्यवस्था देवावर सोपविलेली असे. आज पाणलोट विकासाच्या आणि गायराने, देवराया, वने सांभाळणाऱ्या संस्थांमध्ये तो पगारी नोकर आहे. त्याच्या हुद्द्याला नाव आहे, कामाला शास्त्र आहे. आपल्या मुलामुलींनी या वाटेने जावे काय, हा प्रश्न आता पुष्कळ घरांत येऊ लागला आहे. म्हणून त्याचा नीट विचार करू.

तीन कोटी लिटर गेले कुठे?

आधी एक साधे गणित. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे बरोबर एक लिटर पाणी पडते. पेणच्या बाजूला वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो असे धरले, तर एका हेक्टरवर, म्हणजे सुमारे अडीच एकरांवर, तीन कोटी लिटर पाणी पडले! आणि तरीही एप्रिल उजाडला की कोकणातील कितीतरी वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. याच पेण तालुक्यात हेटवणे धरण आहे. त्याचे पाणी नवी मुंबईपर्यंत पोचते आणि खारेपाटातल्या बायकांच्या डोक्यावरचा हंडा मात्र उतरत नाही.

कारण उघड आहे. डोंगर उघडे पडले, उतार तीव्र, खाली कातळ. पावसाचे पाणी काही तासांत ओढ्याला आणि ओढा खाडीला. जाताना ते मातीही घेऊन जाते. यावर उपाय ‘माथा ते पायथा’ या तीन शब्दांत सांगता येतो. धावत्या पाण्याला चालायला लावायचे, चालत्याला थांबवायचे, थांबलेल्याला जिरवायचे. माथ्यावर झाडे राखायची आणि सलग समतल चर खणायचे; घळींत दगडांचे लहान लहान बांध घालायचे; शेतात बांधबंदिस्ती करायची; आणि अगदी शेवटी ओढ्यावर बंधारा. हा क्रम उलटा करून आधी बंधारा बांधला, तर दोन-चार पावसाळ्यांत तो गाळाने भरून जातो. बंधाऱ्याचे उद्घाटन थाटात करता येते, चरांचे येत नाही. म्हणून हा क्रम वारंवार उलटा होतो, हेही खरे.

अर्धे काम दगडांचे, अर्धे माणसांचे

इथवरचे सारे इंजिनियरचे काम झाले. ते अवघड आहे, पण शिकता येते. खरी कसोटी पुढेच आहे.

समजा, गावाने ठरविले की डोंगराच्या माथ्यावर पाच वर्षे चराईबंदी. गवत वाढेल, माती थांबेल, विहिरींना पाणी येईल. सगळे पटले. पण विहिरी कोणाच्या? पायथ्याला ज्यांची जमीन आहे त्यांच्या. आणि माथ्यावर शेळ्या कोणाच्या चरतात? ज्याला जमीनच नाही त्याच्या. म्हणजे त्याग गरिबाचा आणि पाणी बागायतदाराचे! हे न सोडविता काम रेटले, तर पहिल्याच उन्हाळ्यात कोणीतरी रात्री कुंपण तोडतो; आणि त्याला दोष तरी कसा द्यावा?

हा प्रश्न ज्यांनी मुळापाशी जाऊन हाताळला, त्यांत विलासराव साळुंखे यांचे नाव आधी घेतले पाहिजे. हे पुण्यातले इंजिनियर आणि कारखानदार. १९७२ च्या दुष्काळात ते पुरंदर तालुक्यात गेले. तिथे शेतकरी दुष्काळी कामावर खडी फोडताना दिसले. साळुंखे यांनी नायगाव येथे देवस्थानची सुमारे ४० एकर माळजमीन कराराने घेतली आणि तिच्यावर पाणी अडवून पीक उभे करून दाखविले. त्यातून ‘पाणी पंचायत’ निघाली. तिचा नियम ऐकायला सोपा आणि पचायला जड होता : पाणी जमिनीच्या मापाने न देता माणसांच्या मोजणीने द्यायचे. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला फार तर अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा. आणि पाणी पिणारा ऊस लावायचा नाही. एका इंजिनियरचा सर्वांत मोठा शोध यंत्राचा नसून वाटणीच्या नियमाचा ठरावा, यातच या पेशाचे सारे मर्म आहे.

पुढे १९९२ च्या सुमारास नाबार्ड आणि जर्मन सरकार यांच्या सहकार्याने महाराष्ट्रात पाणलोटाचा मोठा कार्यक्रम सुरू झाला. त्यामागे फादर हर्मन बाखर हे स्विस जेझुइट होते. त्यांनी आणि क्रिस्पिनो लोबो यांनी १९९३ साली ‘वॉटर’ (वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट) ही संस्था काढली. या कार्यक्रमात पैसा आधी मिळत नसे. गावाने प्रथम श्रमदान करून तयारी दाखवायची, थोड्या क्षेत्रावर काम करून दाखवायचे, मगच पूर्ण निधी. आज ज्याला अहिल्यानगर म्हणतात त्या जिल्ह्यात, हिवरे बाजारच्या पोपटराव पवारांनी गावाला पाण्याचा जमाखर्च मांडायला शिकविले. तिथे पावसाळा संपला की पाऊस किती झाला ते पाहून ग्रामसभा पिके ठरविते. घरखर्चाची वही लिहिणाऱ्या आपल्या गृहिणींना ही रीत समजावून सांगण्याची गरज नाही!

सार्वजनिक जमिनीच्या राखणीचा धडा पाहायचा तर गडचिरोली जिल्ह्यात जावे लागते. मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ साली वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्याच्या कितीतरी आधीपासून गावकरी ‘अभ्यास गट’ चालवीत होते. जंगल, कायदा, हिशेब असा एकेक विषय घ्यायचा, बोलावलेल्या जाणकाराबरोबर बसून समजून घ्यायचा आणि निर्णय मात्र ग्रामसभेने सर्वसहमतीने करायचा. मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखा बाहेरून आलेला कार्यकर्ता तिथे वर्षानुवर्षे गावाचा सोबती म्हणून राहिला, पुढारी झाला नाही. २०१३ साली याच गावाने आपली खासगी शेतजमीनही ग्रामसभेकडे सोपविण्याचा ठराव केला. म्हणजे ग्रामदान! गागोद्याच्या मुलाने सांगितलेली गोष्ट साठ वर्षांनी गडचिरोलीच्या जंगलात पुन्हा ऐकू आली. आणि तिथे ती रुजली, कारण तिसरा माणूस हजर होता.

नोकरी म्हणजे नेमके काय?

केंद्र सरकारच्या २००८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पाणलोटाच्या प्रकल्पावर निदान चार जाणकारांचे पथक लागत असे : शेती, मृदाशास्त्र, जलव्यवस्थापन आणि लोकसंघटन यांचा प्रत्येकी एक, आणि त्यांत निदान एक स्त्री. याशिवाय खडकांतले पाणी ओळखणारे भूशास्त्रज्ञ लागतात. या विषयाला वाहिलेली ‘अ‍ॅक्वाडॅम’ ही संस्था पुण्यातच आहे. उपग्रहाच्या चित्रांवरून नकाशे करणारे लागतात. चोख हिशेबनीस लागतो, कारण मजुरीचा एक आठवडा चुकला तर गावचा विश्वास वर्षभरासाठी जातो. आणि आमच्या कला शाखेच्या मुलांनी नोंद घ्यावी, सभेचा वृत्तांत स्वच्छ मराठीत लिहिणारा माणूस तर फार दुर्मीळ झाला आहे. ज्या ठरावाची भाषा गावकऱ्याला कळत नाही, तो त्याचा ठराव कसा?

शिक्षणाच्या वाटा अनेक आहेत. दापोली आणि राहुरीची कृषी विद्यापीठे आहेत. टाटा समाजविज्ञान संस्थेचा तुळजापूर परिसर आहे, पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था आहे. मुंबईच्या आयआयटीत ग्रामीण तंत्रज्ञानासाठी ‘सितारा’ हे स्वतंत्र केंद्र आहे. कुठे जावे हेच सुचत नसेल, तर डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी २००६ साली सुरू केलेल्या ‘निर्माण’च्या शिबिरांतून अनेक तरुणांना दिशा सापडली आहे.

पगाराचे काय?

आता आईवडिलांच्या मनातला प्रश्न. पगार असतो, दरमहा मिळतो. पण त्याच पदवीवर मुंबई-पुण्याच्या कंपनीत जे मिळते त्याच्या तो मागे असतो. कारण पैशाच्या मांडणीतच आहे. २००८ च्या त्या नियमांत शंभर रुपयांपैकी प्रशासनासाठी दहा राखलेले होते. पगार, प्रवास, कार्यालय, सारे त्या दहांत. दुसरा झरा कंपन्यांचा. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठराविक आकारावरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे शेकडा दोन समाजकार्यावर खर्च करणे भाग पडले आणि त्यातला काही भाग पाण्याकडे वळला. पण कंपनीला वर्षाच्या आत फोटो हवा असतो आणि डोंगराला पाच पावसाळे. या ओढाताणीत नोकरीही प्रकल्पापुरती राहते. तीन ते पाच वर्षे झाली की नवा करार, कदाचित नवा जिल्हा.

म्हणून संस्था निवडताना मुलीच्या स्थळाची चौकशी करतो तितक्याच बारकाईने चौकशी करावी. भविष्य निर्वाह निधी कापला जातो काय? हिशेब तपासून छापले जातात काय? प्रकल्प संपल्यावर माणसांना कुठे सामावून घेतात? मुलींसाठी राहण्याची आणि रात्री सभेहून परतण्याची व्यवस्था काय? आणि सर्वांत महत्त्वाचे : संस्थेचे चालू काम पाहू नये. पाच वर्षांपूर्वी जिथले काम संपले, अशा गावी जावे. चर बुजले आहेत की गवताने बांधले गेले आहेत? पाणी समिती अजून भरते काय? शेळ्यावाल्याला विचारावे, तुला काय मिळाले? या एका उत्तरात संस्थेचा सारा अहवाल सापडतो.

‘समाजसेवा करतो, मग पगार कशाला?’ हा प्रश्न मात्र आपण मध्यमवर्गीयांनी आता सोडून द्यावा. डॉक्टर सेवा करतो आणि फीही घेतो. उपाशी कार्यकर्ता दोन वर्षांत गाव सोडतो, आणि गाव पुन्हा होते तिथेच येते. त्यागाच्या कौतुकापायी आपण पुष्कळ चांगली माणसे या कामातून घालविली आहेत.

एक गोष्ट मात्र या पेशात वेगळी आहे आणि ती मुलांना आधीच सांगावी. इतर धंद्यांत आपल्यावाचून अडले म्हणजे आपण यशस्वी. इथे उलटे आहे. गावाने आपापसांत बसून पाण्याची वाटणी ठरविली, भांडण मिटविले, गाळ काढला, आणि आपल्याला कळविण्याचीही त्यांना आठवण झाली नाही, की समजावे काम झाले. ज्याला हे सोसेल त्यानेच यावे.

सोसेल की नाही याची परीक्षा फार लांब नाही. दिवाळीच्या सुमारास कोकणातले ओढे अजून वाहते असतात आणि याच दिवसांत रिकाम्या पोत्यांत माती-वाळू भरून कच्चे वनराई बंधारे घालतात. त्याला ना मोठे यंत्र लागते, ना मोठा पैसा. मुलाला किंवा मुलीला सुट्टीत आठ दिवस अशा एखाद्या गावी पाठवावे. पोती वाहू द्यावीत, रात्री सभेत गप्प बसून ऐकू द्यावे. परत आल्यावर हात दुखत असल्याची तक्रार केली तर काळजी नको, ती सर्वच करतात. ‘ते पाणी मार्चपर्यंत टिकेल का हो?’ असे विचारले, तर मात्र घरात पुढच्या शिक्षणाचे बोलणे सुरू करायला हरकत नाही.