समुद्राला जाऊन येते!

बाईने घरात ‘देवाला जाऊन येते’ म्हटलं की सहसा कुणी अडवत नाही. पंढरपूर म्हणा, अक्कलकोट म्हणा, काशी म्हणा. उलट शेजारणी अकरा रुपये हातावर ठेवतात, ‘आमच्याही नावाने पेटीत टाका हं.’ पण कधी ‘समुद्राला जाऊन येते’ म्हणून बघा! कुणाबरोबर? कशाला? आणि या वयात तिथे करणार काय?

माझ्या थोरल्या जाऊबाईंना, आमच्या ताईंना, हे सगळे प्रश्न विचारून झाले. ताई एकसष्ट वर्षांच्या. थोरले भाऊजी जाऊन दोन वर्षं झालेली. शिवणाचे आणि भिशीचे पैसे साठवून त्यांनी अंदमानचा बेत धरला, सोबतीला मी. मुलगा म्हणाला, “आई, त्यापेक्षा चारधाम कर, पैसे मी भरतो.” शेवटी आम्हाला सोडवलं सेल्युलर जेलने! सावरकरांच्या कोठडीत डोकं टेकवायचंय म्हटल्यावर सगळे गप्प झाले. त्यात खोटं काहीच नव्हतं. पोर्ट ब्लेअरच्या त्या तुरुंगात ताई कोठडीसमोर बराच वेळ हात जोडून उभ्या होत्या. पण पुढचे तीन दिवस आम्ही राखून ठेवले होते ते नील बेटासाठी.

पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ पासून श्री विजयपुरम आणि नीलचं २०१८ पासून शहीद द्वीप झालंय, पण बोलण्यात अजून जुनीच नावं येतात. बोटीने गेलं की हे छोटंसं बेट लागतं. गावांची नावं ऐका : रामनगर, सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर! फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांना इथे वसवलं. त्यांनी भाजीपाला पिकवला, आणि आज अंदमानची भाजी म्हणजे नील अशी त्याची ओळख आहे.

आमचं ‘हॉटेल’ म्हणजे बांबूच्या सहा झोपड्या. आत पलंग, पंखा, मच्छरदाणी, मागे संडास-बाथरूम. रात्रीचे चौदाशे रुपये, दोघींत मिळून. एसी नाही, टीव्ही नाही, गरम पाणी हवं तर स्वयंपाकघरातून बादली आणायची. रात्री दोनदा वीज गेली. पण दार उघडलं की तीस पावलांवर समुद्र. एसीवाल्या रिसॉर्टचे दर ऐकले तेव्हा कळलं, तिथे आमचं बजेट एका रात्रीत संपलं असतं.

हॉटेल चालवणारी बाई बंगाली. सगळे तिला बौदी म्हणत, म्हणजे आपल्याकडची वहिनी. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, “दोनों दीदी अकेला आया?” आम्ही हो म्हटलं. आता पुढचे प्रश्न येणार म्हणून ताई सावरून बसल्या, तर ती म्हणाली, “अच्छा किया,” आणि चहा ठेवायला गेली.

ताई शाकाहारी. बौदीने परसातला लाल माठ परतून दिला, डाळ दिली. मोहरीच्या तेलाचा वास ताईंना दोन दिवस जड गेला, मग शेंगदाण्याची चटणी कामाला आली.

सुनेने ताईंच्या बॅगेत गुपचूप आपले दोन पंजाबी ड्रेस ठेवले होते. दुसऱ्या दिवशी ताईंनी त्यातला एक घातला आणि गुडघाभर पाण्यात चक्क बसकण मारली. लाट आली की ओरडायच्या, गेली की हसायच्या. संध्याकाळी मुलाचा फोन आला, “जेल तर बघून झालं, आता काय करता?” ताई म्हणाल्या, “काही नाही. बसलोय.” ‘काही नाही’ हे उत्तर त्यांनी इतक्या निवांतपणे दिलेलं मी चाळीस वर्षांत ऐकलं नव्हतं.

बौदीला आम्ही विचारलं, तू जातेस का पाण्यात? ती हसली. समोर समुद्र, पण सकाळी नाश्ता, दुपारी जेवणं, मग चादरी. शेवटच्या पहाटे ताईंनी तिला हाताला धरून नेलंच. पाऊण तास आम्ही तिघी पाण्यात होतो, नाश्ता उशिरा झाला आणि कुणी काही बोललं नाही.

तुम्हाला जायचं असेल तर थोडं कामाचं. नोव्हेंबर ते एप्रिल हा काळ बरा. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात, म्हणून परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवा. बोटीच्या तिकिटाला ओळखपत्र लागतं, आणि थोडी रोख रक्कम जवळ असावी. खोली घेताना मच्छरदाणी आहे का, दाराला आतून चांगली कडी आहे का, वीज गेली तर काय, हे फोनवरच विचारा. भरती-ओहोटीची वेळ रोज विचारायची, ती दररोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. ओहोटीला पाणी लांब जातं आणि खडक, प्रवाळ उघडे पडतात, तेव्हा पायात चप्पल हवीच. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरीही आहेत, तेव्हा पाटी असेल तिथे उतरू नका. प्रवाळाचा तुकडाही बॅगेत टाकू नका, वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे. आणि तिथे संध्याकाळ लवकर होते, फेब्रुवारीत सहाच्या आत सूर्य बुडतो!

परत आल्यावर ताईंनी शेजारणींना फक्त फोटो दाखवले. परवा समोरच्या काकू पाचशे रुपये घेऊन आल्या. ताईंना वाटलं, देवाला टाकायचेत. “छे गं,” काकू म्हणाल्या, “पुढच्या खेपेची भिशी सुरू कर. हा माझा पहिला हप्ता.”