कंपोस्टमधील ह्यूमिक द्रव्ये आणि दूषित जलाचे शुद्धीकरण

नागरी ओल्या कचऱ्यापासून तयार होणाऱ्या कंपोस्टचा विचार आजवर प्रामुख्याने खत म्हणूनच झालेला आहे. खत म्हणून त्याला भाव कमी मिळतो, मागणी हंगामी असते आणि वाहतुकीचा खर्च मात्र मोठा असतो. वायव्य इटलीतील ट्युरिन विद्यापीठाच्या रसायनशास्त्रज्ञांनी याच पदार्थाकडे रासायनिक कच्चा माल म्हणून पाहिले. ट्युरिनजवळील पिनेरोलो येथील कचरा-प्रक्रिया प्रकल्पातून त्यांनी कंपोस्ट घेतले. त्यातील काही नमुने केवळ उद्यानांतील पालापाचोळ्याचे होते, तर काहींत स्वयंपाकघरातील कचऱ्यापासून बायोगॅस काढल्यानंतर उरलेला चोथा आणि सांडपाण्याचा गाळ मिसळलेला होता.

कंपोस्ट परिपक्व होताना सहज कुजणारे घटक सूक्ष्मजीव संपवितात. लिग्निनसारखे चिवट घटक अंशतः बदलून मागे उरतात. हा गडद तपकिरी अवशेष मृदाशास्त्रातील ह्यूमिक आम्लांशी साधर्म्य दाखवितो. तो वेगळा करण्याची रीत सोपी आहे. कंपोस्ट सुमारे १३ सामू असलेल्या अल्कधर्मी पाण्यात ६० अंश सेल्सिअसला ४ तास ठेवतात, न विरघळलेला भाग काढून टाकतात आणि द्रावण सूक्ष्म छिद्रांच्या पटलातून गाळतात. पटलावर उरलेले मोठे रेणू वाळविले की पाण्यात विरघळणारी भुकटी मिळते. तिच्या रेणूंवर कार्बॉक्सिल आणि फिनॉल हे गट विपुल असतात. पुढील सर्व उपयोग या गटांवरच अवलंबून आहेत.

लोह पाण्यात टिकविण्याचा प्रश्न

केंब्रिजचे हेन्री फेंटन यांनी १८९४ साली लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्या साहाय्याने टार्टारिक आम्लाचे ऑक्सिडीकरण होते, असे दाखविले. या अभिक्रियेत फेरस लोहामुळे पेरॉक्साइडचे विघटन होऊन हायड्रॉक्सिल मूलक निर्माण होतात. रंगद्रव्ये, कीटकनाशके, औषधांचे अवशेष अशा बहुतेक सेंद्रिय प्रदूषकांवर ते तुटून पडतात. प्रकाशाची जोड मिळाल्यास फेरिक झालेले लोह पुन्हा फेरस होते आणि चक्र चालू राहते. अडचण एवढीच, की हे सारे उत्तम चालते ते २.८ च्या आसपासच्या सामूवर. सामू त्याहून वाढला, की लोह हायड्रॉक्साइडच्या रूपाने तळाशी बसू लागते.

कंपोस्टमधील द्रव्यांचे महत्त्व येथे आहे. त्यांचे कार्बॉक्सिल आणि फिनॉल गट लोहाला धरून ठेवतात आणि ते ५ सामूपर्यंतही द्रावणात राहू शकते. ट्युरिनच्या गटाने स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथील तंत्रविद्यापीठाच्या सहकार्याने केलेल्या प्रयोगांत कॅफीन, पॅरासिटामोल, कार्बामाझेपिन आदी प्रदूषकांचा नाश या मार्गाने साधता आला. त्यासाठी लिटरला २० मिलिग्रॅम इतकी अल्प मात्रा वापरण्यात आली.

३ आणि ५ या सामूंमधील अंतर किरकोळ वाटले तरी हिशेब वेगळा आहे. इतर क्षार बाजूला ठेवले, तरी १००० घनमीटर पाणी ५ वरून ३ सामूवर आणण्यास सुमारे ४९ किलो सल्फ्यूरिक आम्ल लागते. नंतर ते आम्ल उदासीन करण्यास सुमारे ४० किलो कॉस्टिक सोडा लागतो, आणि या दोहोंतून तयार झालेले सल्फेट पाण्यातच राहते. तेवढ्याच पाण्याला कंपोस्टमधील द्रव्य लागेल ते २० किलो. अर्थात, त्या द्रव्याच्या निष्कर्षणासाठी खर्ची पडणारी अल्कली या हिशेबातून वगळणे योग्य ठरणार नाही.

उपाय की नवे प्रदूषण?

जलशुद्धीकरणाच्या क्षेत्रात ह्यूमिक द्रव्यांची ख्याती चांगली नाही. रॉटरडॅम येथील रूक यांनी १९७४ साली दाखविले, की अशी द्रव्ये असलेल्या पाण्यात क्लोरीन घातल्यास क्लोरोफॉर्मसारखी घातक संयुगे तयार होतात. जे काढून टाकण्यासाठी खर्च करावयाचा, तेच पाण्यात घालावयाचे, हा विरोधाभास दुर्लक्षिण्याजोगा नाही. शिवाय मात्रा वाढली की ही गडद द्रव्ये प्रकाश अडवितात आणि प्रदूषकांच्या वाट्याचे मूलकही स्वतःच फस्त करतात. म्हणून पिण्याच्या पाण्यासाठी ही पद्धत सुचविणे धाडसाचे होईल. तिचे स्थान औद्योगिक सांडपाण्यात आहे.

यातून मार्ग काढण्याचा एक प्रयत्न म्हणजे ही द्रव्ये मॅग्नेटाइटच्या अतिसूक्ष्म कणांवर बसविणे. मॅग्नेटाइट हे लोहाचे चुंबकीय ऑक्साइड असल्याने काम झाल्यावर कण चुंबकाने ओढून घेता येतात. त्यांच्या पृष्ठभागावर काही प्रदूषक चिकटतात आणि पेरॉक्साइड घातल्यास तेच कण फेंटन अभिक्रियाही घडवितात. मात्र कणांवरील लेप पाण्यात किती झिरपतो, हे दर खेपेस मोजावे लागते.

महाराष्ट्रात इचलकरंजीसारख्या वस्त्रकेंद्रांच्या संदर्भात हा विषय अभ्यासण्याजोगा आहे. पण सुती कापडाच्या रंगाईचे पाणी अल्कधर्मी आणि अतिशय खारट असते. त्यातील क्लोराइड आणि कार्बोनेट मूलकांना गिळतात. आम्लाने कार्बोनेट घालविता येते, क्लोराइड मात्र तसेच राहते. युरोपातील निष्कर्ष म्हणूनच जसेच्या तसे उचलता येणार नाहीत. कचऱ्याचीही तीच गोष्ट. ओला व सुका कचरा वेगळा करणे देशात २०१६ च्या नियमांनी बंधनकारक झाले, तरी मिश्र कचऱ्यापासून केलेल्या कंपोस्टमध्ये शिसे, कॅडमियम यांचा अंश येऊ शकतो. जे गट लोहाला धरतात, ते या धातूंनाही सोडत नाहीत.

अशा प्रयोगास महाविद्यालयीन प्रयोगशाळेतील साधने बऱ्याच अंशी पुरेशी आहेत. केवळ वर्णमापकावर रंग उतरलेला पाहून थांबणे मात्र फसवे ठरते. रंग गेला तरी वलयी संयुगांचे तुकडे पाण्यात उरू शकतात. एकूण सेंद्रिय कार्बन मोजल्याखेरीज प्रदूषक नष्ट झाला की केवळ अदृश्य झाला, हे कळत नाही. आणि त्या मोजणीत कंपोस्टमधून आलेला कार्बन वेगळा धरावाच लागतो.