मेल्यावरही धातू धरणारी बुरशी

पावसाळ्यात पाव चार दिवस डब्यात राहिला, की त्याच्या कडेला आधी पांढरी लव धरते आणि मग त्या लवेवर काळे ठिपके उमटतात. घरातलं कुणीतरी नाक मुरडत तो केराच्या टोपलीत टाकतं. ही बऱ्याचदा रायझोपस कुळातली बुरशी असते. तिच्याच एका भावंडानं, रायझोपस अऱ्हायझसनं, कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात वेगळंच नाव काढलं.

तिथे मारिओस त्सेझोस आणि बोहुमिल व्होलेस्की पाण्यात विरघळलेलं युरेनियम आणि थोरियम वेगळं काढायच्या खटपटीत होते. 1981 साली त्यांनी निष्कर्ष छापले. या बुरशीच्या एक ग्रॅम निर्जीव पुडीनं 180 मिलिग्रॅमहून अधिक युरेनियम धरून ठेवलं होतं. त्यांच्याच चाचण्यांत सक्रिय कोळशाच्या तिपटीहून जास्त आणि पाण्यातले धातू धरणाऱ्या व्यापारी रेझिनच्या सुमारे अडीच पट युरेनियम या पुडीनं उचललं. आणि ही बुरशी मेलेली होती, हे विशेष.

मग हे काम करतं कोण? बुरशीच्या पेशीची भिंत. कोळंबी सोलताना हाताला टोचणाऱ्या कवचात जे कायटिन असतं, तेच या भिंतीतही असतं. त्यातल्या नायट्रोजनच्या जागा आणि भिंतीतले कार्बॉक्सिल, फॉस्फेट यांसारखे गट शिसं, तांबं, कॅडमियम यांच्या धनभारित आयनांना ओढून घेतात. त्यासाठी पेशी जिवंत असायची गरज नाही. उलट मेलेल्या बुरशीला विषाची भीती नाही आणि खाऊपिऊ घालायची कटकटही नाही.

सांडपाण्यातली इतर बरीचशी घाण जिवाणू कुजवून संपवतात. धातूचं तसं होत नाही. शिशाचे तुकडे कितीही बारीक केले तरी शेवटी शिसंच उरतं. म्हणून पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात शिशाची मर्यादा लिटरमागे 0.01 मिलिग्रॅम, कॅडमियमची 0.003 आणि पाऱ्याची 0.001 एवढी कडक आहे. प्लेटिंगच्या एखाद्या छोट्या कारखान्यात निकेलच्या टाकीतून बाहेर काढलेला नळ शेजारच्या पाण्यात खळबळून धुतात, तेव्हा ते पाणी फिकट हिरवं होत जातं. चुना किंवा कॉस्टिक सोडा टाकला की बराचसा धातू गाळ होऊन तळाशी बसतो. पण मागे उरलेले शेवटचे काही मिलिग्रॅम फार चिवट आणि काढायला महाग. बुरशीची खरी उमेदवारी आहे ती इथे.

शिवाय ती फुकटात मिळण्यासारखी आहे. सरबतात आणि ढोकळ्यात पडणारं लिंबूसत्त्व आता लिंबातून काढत नाहीत. जेम्स करी यांच्या संशोधनाच्या आधारे 1919च्या सुमारास फायझर कंपनीनं ते साखरेवर ॲस्परजिलस नायजर ही काळी बुरशी वाढवून करायला सुरुवात केली. पेनिसिलिनचंही तसंच. पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना 1954 साली उभा राहिला, तोही एका बुरशीच्याच जिवावर. औषध गाळून घेतलं की मागे बुरशीचा चोथा उरतो. तो टाकायचा कुठे, हाच कारखान्यांचा प्रश्न. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत पेनिसिलिनच्या अशा चोथ्यावर धातू धरण्याचे प्रयोग झाले. कॅनडातच रेजायना विद्यापीठात काळी बुरशी कॉस्टिक सोड्याच्या सौम्य द्रावणात उकळून पाहिली, तेव्हा शिसं, कॅडमियम आणि तांबं धरण्याची तिची ताकद वाढलेली दिसली.

एवढं सगळं असूनही बुरशीचे फिल्टर दुकानात का दिसत नाहीत? ओली पूड मऊ पडते, नळकांड्यात भरली की चिखलासारखी बसते आणि पाणी अडवते. म्हणून तिचे अल्जिनेट या चिकट पदार्थात गोळे वळावे लागतात, नि तिथे खर्च वाढतो. पाणी फार आम्लधर्मी असेल, तर हायड्रोजनचे आयन धातूच्या आधी जागा बळकावतात. चोथ्याचा प्रत्येक घाणा सारखा निघेल याची खात्री नाही. रेझिनचा मात्र दाणा न् दाणा सारखा. 1980 आणि 90च्या दशकांत शेवाळ आणि जिवाणूंपासून केलेली अशी काही उत्पादनं उत्तर अमेरिकेत बाजारात आली, पण रेझिनपुढे त्यांचं फारसं चाललं नाही. प्रयोगशाळेत प्रत्येक बुरशी हुशारच ठरते, हा या विषयातला जुना रोग आहे.

जिवंत बुरशीची गोष्ट निराळी. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात बंद पडलेल्या कोळशाच्या खाणींतून मँगनीजयुक्त पाणी झिरपत असतं. काही ठिकाणी ते चुनखडीच्या दगडांनी भरलेल्या उथळ खड्ड्यांतून सोडतात. हळूहळू दगडांवर काळा थर चढतो. कोलीन हॅन्सेल, कॅरा सँटेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या खड्ड्यांतल्या बुरशा वेगळ्या काढून वाढवल्या. त्यांतली स्टिल्बेला ही बुरशी बीजाणू तयार करताना पेशीबाहेर सुपरऑक्साइड हे ऑक्सिजनचं उग्र रूप सोडते, त्यानं विरघळलेल्या मँगनीजचं काळं ऑक्साइड होतं आणि ते तिथेच चिकटून बसतं, असं त्यांनी 2012 साली दाखवलं. बुरशीला यातून काही मिळतं असं दिसत नाही; ती आपली पिलावळ वाढवायच्या नादात असते. वर तो काळा थर पाण्यातलं निकेल, कोबाल्ट आणि जस्तही धरतो.

मेलेल्या बुरशीच्या पुडीनं धरलेला धातू मात्र सोडवून घेता येतो. सौम्य आम्लानं धुतलं की पिंपभर पाण्यातला धातू एखाद्या बाटलीत मावेल इतक्या दाट द्रावणात उतरतो, आणि तीच पूड पुन्हा वापरता येते. ती बाटली घ्यायला प्लेटिंगवाला तयार असेल, तर त्यातलं निकेल परत त्याच्याच टाकीत जाऊ शकतं.