पंचेचाळीस अंशांचा सराव आणि गोव्याचा घाम

नवा रायपूरच्या रुंद, मोकळ्या रस्त्यांवर पहाटे हेल्मेट घातलेले सायकलस्वार दिसणे आता नवलाचे राहिलेले नाही. कुणी बँकेत नोकरीला असतो, कुणी दवाखाना सांभाळते, कुणी शाळेत शिकवते. पण त्यातल्या एखाद्याने ‘ट्रायथलॉनची तयारी करतोय’ म्हटले की घरचे हबकतात. ट्रायथलॉन म्हणजे आयर्नमॅन आणि आयर्नमॅन म्हणजे ३.८ किमी पोहणे, १८० किमी सायकल, वर ४२.२ किमी धावणे, असे डोक्यात पक्के बसलेले असते.

मुळात हा खेळ आयर्नमॅनहून जुना आहे. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या सान दिएगोला पहिली ट्रायथलॉन झाली. हवाई बेटांवरची आयर्नमॅन चार वर्षांनी आली. १९७८ च्या त्या पहिल्या शर्यतीत १५ जण उतरले आणि १२ जणांनी ती पुरी केली. ऑलिंपिकमध्ये २००० पासून आहे ती १.५ किमी पोहणे, ४० किमी सायकल आणि १० किमी धावणे अशी शर्यत. स्प्रिंट प्रकारात तर सगळे याच्या निम्मे. नोकरी सांभाळून काही महिने नेमाने सराव करणाऱ्याच्या आवाक्यातले हे अंतर आहे.

दुसरी धास्ती पैशांची. दोन-तीन लाखांची कार्बन सायकल नसेल तर या भानगडीत पडूच नये, असे नवख्याला हमखास ऐकवले जाते. सायकलचे वजन जाणवते ते चढावर. रायपूर सपाटीवरचे शहर. बस्तरकडे जाताना केशकाल घाट लागतो तिथे हलक्या सायकलीचा उपयोग कळेल, एरवी नाही. सपाट रस्त्यावर ताशी ३० किमीच्या पुढे बहुतेक ताकद खर्च होते ती हवा कापण्यात, आणि त्या हवेला अडवतो तो मुख्यतः सायकलस्वार स्वतः. वेग दुप्पट करायचा तर हवेशी झुंजायला आठपट ताकद लागते. म्हणून महागड्या सांगाड्याआधी बसण्याची ठेवण सुधारावी.

‘सायकलने गुडघे झिजतात’ ही तक्रारही बऱ्याचदा या ठेवणीपाशीच येऊन थांबते. सायकलवर शरीराचा बराच भार सीटवर असतो, त्यामुळे धावण्याच्या मानाने गुडघ्यांना धक्के बसतच नाहीत. सीट फार खाली असेल तर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखते, फार वर असेल तर मागच्या. भिंतीला टेकून सीटवर बसावे, टाच पॅडलवर ठेवावी आणि पॅडल अगदी खाली न्यावे. पाय जेमतेम सरळ झाला पाहिजे. मग नेहमीसारखा चवडा पॅडलवर ठेवला की गुडघ्यात हवा तेवढा बाक आपोआप राहतो. दोन मिनिटांचे काम, पण ते न करता वर्षभर दुखणे अंगावर काढणारे कितीतरी आहेत.

दम आणि जिद्द यांची उदाहरणे आपल्याकडे भरपूर आहेत. अमेरिका आडवी ओलांडणारी ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ सुमारे ४८०० किमीची. नाशिकच्या हितेंद्र आणि महेंद्र या महाजन बंधूंनी २०१५ मध्ये दोघांचा संघ म्हणून ती पूर्ण केली. २०१७ मध्ये लष्करातले डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकेकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीच्या आत संपवली. या पराक्रमांतून काही जण मात्र भलताच धडा घेतात. शर्यतीत हे लोक रोज दोन-तीन तासांच्या झोपेवर निभावतात, म्हणजे झोप कमी करून सराव वाढवला की आपणही घडू, असे त्यांना वाटते. शर्यतीतले जागरण ही किंमत असते. तो सराव नव्हे.

व्यायामाने स्नायूंवर ताण येतो. ते बळकट होतात नंतर, जेवणातून आणि झोपेतून. रोज सहाला उठून आठपर्यंत जीव तोडून सायकल हाणायची आणि रविवारी त्याहून जोरात, हा हौशी मंडळींचा लाडका क्रम आहे. त्याने वेग वाढत नाही, थकवा साचतो. नॉर्वेत काम करणारे संशोधक स्टीफन सायलर यांनी अव्वल खेळाडूंच्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्यांच्या सरावाची साधारण ८० टक्के सत्रे अगदी सोप्या गतीची निघाली. सोपी म्हणजे शेजारच्याशी सलग गप्पा मारता येतील इतकी. जोर लावायचा तो उरलेल्या २० टक्क्यांत, पण मग खरोखर लावायचा. सकाळी उठल्याबरोबर नाडी मोजायची सवय ठेवली तर शरीर आधीच बोलते: नाडी नेहमीपेक्षा सात-आठ ठोक्यांनी वर दिसत असेल, झोप तुटत असेल, चिडचिड होत असेल, तर त्या दिवशी सायकल भिंतीलाच बरी.

आणि दुसऱ्या दिवशी पाय ठणकतात त्याचा दोष लॅक्टिक ॲसिडला देणेही आता सोडायला हवे. व्यायामात वाढलेले लॅक्टेट तासा-दोन तासांत पूर्वपदावर येते, शिवाय स्नायू ते इंधन म्हणून वापरतात. एक ते तीन दिवसांनी जाणवणारी ठणक स्नायूतंतूंना झालेल्या सूक्ष्म इजांची असते. उतारावर धावल्यावर ती जास्त, सायकलीनंतर कमी.

मे महिन्यात रायपूरचा पारा ४५ अंशांकडे सरकतो, तेव्हा ‘तहान असो-नसो, पाणी पीत राहा’ हा सल्ला सगळीकडून मिळतो. तो धोक्याचाही ठरू शकतो. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, त्यातल्या १३ टक्के जणांच्या रक्तातले सोडियम गरजेपेक्षा खाली गेलेले होते. मुख्य कारण म्हणजे गरजेपेक्षा जास्त द्रव पिणे. गणित सोपे आहे. तासभराच्या सायकलीआधी आणि नंतर, घाम पुसून, वजन करावे. ८०० ग्रॅम कमी भरले तर ८०० मिली घाम गेला, त्यात वाटेत प्यालेले पाणी मिळवावे. आपला आकडा आपल्याला कळतो. छत्तीसगडच्या घराघरांतली बोरे-बासी (पाण्यातला भात, मीठ आणि सोबत कांदा) पाणी, मीठ आणि पिष्ट एकदमच देते. उन्हातून आल्यावर महागड्या पेयाची बाटली शोधत बसायची गरज नाही.

उन्हाच्या या सवयीतूनच रायपूरकरांचा एक खास गैरसमज तयार होतो. आयर्नमॅन ७०.३ ही अर्ध्या अंतराची शर्यत गोव्यात २०१९ मध्ये पहिल्यांदा झाली. ती ऑक्टोबर-नोव्हेंबरात असते. पंचेचाळीस अंशांत तापून निघालेल्याला गोव्याचे बत्तीस काय करणार, असे इथे सहज म्हटले जाते. घाम शरीर थंड करतो तो वाळताना. एक लिटर घाम वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. रायपूरच्या कोरड्या उन्हात तो झटपट वाळतो. गोव्याच्या दमट हवेत तो नुसता गळतो आणि अंग तापतच राहते. शरीराला उष्णतेशी जुळवून घ्यायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात आणि हे जुळवून घेणे काही आठवड्यांत ओसरतेही, त्यामुळे मे महिन्याची पुण्याई नोव्हेंबरात कामी येत नाही. गोव्याला जायचे असेल तर जुलै-ऑगस्टमधली रायपूरची चिकचिकीत सकाळ घरात बसून घालवू नये, आणि शर्यतीच्या आधी दोन आठवडे पोचता आले तर उत्तमच. त्या दोन आठवड्यांत सरावाचे अंतर निम्म्यावर आणायचे असते, हेही इथे बऱ्याच जणांना पटवून द्यावे लागते.